शून्यावर चार आणि त्याआधीची तीन वर्षं

प्रश्न : माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे, वेगवान गोलंदाजी करतो. दोन वर्षं क्लबच्या संघात कधी आत, कधी बाहेर. त्याचे आजोबा सारखे म्हणतात, ‘‘ट्रूमन बघ, एका दिवसात ट्रूमन झाला. तुझं काही खरं नाही, बी.कॉम. कर.’’ असं खरंच होतं का?
– एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, आजोबांना माझा नमस्कार सांगा. गोष्ट खरी आहे, पण त्यांनी ती मधूनच सुरू केली आहे.

ट्रूमन म्हणजे इंग्लंडचा वेगवान गोलंदाज, आणि आजोबांच्या डोक्यात आहे ती जून १९५२ची, इंग्लंडमधल्या हेडिंग्ली मैदानावरची भारताविरुद्धची कसोटी. बडोद्याचा माणूस ती विसरणार कशी? आपले विजय हजारे कर्णधार, आणि आपलेच दत्ताजीराव गायकवाड पहिल्याच कसोटीत सलामीला. दुसऱ्या डावात चौदा चेंडूंत पंकज रॉय, दत्ताजीराव, माधव मंत्री आणि पहिल्या डावात १३३ काढलेला विजय मांजरेकर असे चौघे परतले, फलकावर धाव एकही नाही. माझे वडील रावपुऱ्यात पेपर वाचून घरी आले ते, आकडा चुकीचा छापला म्हणून छापखान्याला शिव्या देतच. चारांतले तीन बळी ट्रूमनचे. ‘‘दत्ताजीरावांना मात्र बेडसरने काढलं हो,’’ हे, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या गोलंदाजाने, वडील शेवटपर्यंत बजावून सांगत, जणू तेवढ्याने अब्रू वाचत होती.

आता तीन वर्षं मागे चला. फ्रेड ट्रूमन यॉर्कशायरमधल्या स्टेन्टनचा, खाणकामगाराचा मुलगा. काउंटीकडून, म्हणजे यॉर्कशायर परगण्याच्या संघाकडून, पहिला सामना खेळला मे १९४९मध्ये, केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध. वय अठरा, म्हणजे तुमच्या चिरंजीवांएवढंच. त्या सामन्यात यॉर्कशायरने तीन पोरं एकदम आजमावली : लोसन, क्लोज आणि ट्रूमन. ब्रायन क्लोज ट्रूमनपेक्षा अठरा दिवसांनी लहान, आणि तो त्याच उन्हाळ्यात इंग्लंडकडून कसोटी खेळून मोकळा झाला. ट्रूमनच्या वाट्याला काय आलं? विस्डेन या क्रिकेटच्या प्रसिद्ध वार्षिकाच्या वृत्तांतात तो चक्क ‘फिरकी गोलंदाज’ म्हणून छापला गेला! वडिलांनी शिव्या द्यायच्या त्या या छपाईला द्यायला हव्या होत्या.

पुढे दोन वर्षं आत-बाहेरच. वेग भरपूर, पण टप्प्याचा भरवसा नाही. बिल बोस, आर्थर मिचेल यांच्यासारख्या जुन्या खेळाडूंनी त्याला घासून घेतलं. काउंटीची कॅप मिळाली १९५१मध्ये. ही नुसती टोपी नव्हे. ‘हा आता आमच्या संघातला पक्का’ अशी ती खूण. तेवढ्यात सक्तीची लष्करी सेवा लागली, म्हणून हेडिंग्लीला हे महाशय आले ते हवाई दलातून रजा काढून. त्या मालिकेत चार कसोटींत २९ बळी, त्यांत ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानावर एका डावात ३१ धावांत आठ. आजोबांचा ‘एक दिवस’ हा असा.

आणि हो, शून्यावर गेलेले आपले दत्ताजीराव १९५९मध्ये भारताचे कर्णधार होऊन पुन्हा इंग्लंडला गेले. समोर ट्रूमन होताच. आजोबांना हेही विचारा, आठवतं का.

बी.कॉम.चं म्हणाल तर करू द्या की. सकाळी नेट, मग कॉलेज, मध्ये सेव उसळ. बडोद्यात कितीतरी जणांनी हे जमवलं आहे. मला काळजी वेगळीच आहे. संघात घेतलं की नाही हे तुम्ही लिहिलंत, चेंडू कुठे पडतो हे लिहिलं नाहीत. चांगल्या टप्प्यावर एक रुमाल अंथरायला सांगा. रोज चोवीस चेंडू, पूर्ण वेगाने. रुमालावर किंवा त्याच्यापासून वीतभर अंतरात किती पडले ते वहीत लिहायचं, आणि मोजणारा दुसरा हवा. गोलंदाज स्वतः मोजायला लागला की रुमाल आपोआप मोठा होतो. आजोबांनाच बसवा ना खुर्ची टाकून. महिन्याभराची वही झाली की मला पाठवा.