खव्यातील स्टॅफिलोकोकससाठी मॅनिटॉल सॉल्ट अगर की बेअर्ड-पार्कर?

खव्यातून स्टॅफिलोकोकस ऑरियस हा अन्नविषबाधा करणारा जिवाणू वेगळा करण्यासाठी मॅनिटॉल सॉल्ट अगर हे जंतू वाढवण्याचे माध्यम पुरेल का, असे आपण विचारले आहे. पुरणार नाही; बेअर्ड-पार्कर हे दुसरे माध्यमच घ्या.

पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी, ऐन लग्नसराईत, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील आठवडी बाजारांतून आणलेले खव्याचे १२ नमुने मी तपासत होतो. त्यासाठी अंड्याचा बलक आणि टेल्युराइट क्षार यांचे इमल्शन वेगळे मागवावे लागते आणि ५० अंशांपर्यंत निवलेल्या अगरमध्ये जपून मिसळावे लागते, एवढ्या कारणावरून आमच्या मार्गदर्शक सरांनी बेअर्ड-पार्करला नकार दिला. मॅनिटॉलवर ८ नमुन्यांत काहीच उगवले नाही. शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या बेअर्ड-पार्करच्या प्लेटवर मी त्याच आठांची तीच डायल्यूशन (पातळ केलेले नमुने) पसरली, तेव्हा ४८ तासांनी ५ नमुन्यांत काळ्याभोर, चकचकीत, भोवती स्वच्छ वलय असलेल्या कॉलनी (जंतूंचे पुंजके) आल्या आणि सशाच्या प्लाझ्मात त्यांची कोॲग्युलेज चाचणीही (प्लाझ्मा गोठतो का हे पाहून स्टॅफिलोकोकस ऑरियस ओळखण्याची) होकारार्थी आली. सर म्हणाले, "हे तुमच्या हातांवरचे जंतू आहेत." नुसत्या डायल्यूअंटची (नमुना पातळ करायच्या द्रवाची) प्लेट मी सोबत लावली होती आणि ती कोरी होती, तरीही प्रबंधात मॅनिटॉलचेच आकडे छापले गेले. त्याची सल आजही आहे.

त्यामागचे कारण साधे आहे. आमचा बराचसा खवा शीतगृहातून आलेला किंवा पुन्हा गरम केलेला होता. अशा खव्यातील जंतू मेलेले नसतात, जायबंदी असतात, आणि मॅनिटॉल अगरमधील ७.५ टक्के मीठ त्यांना सोसत नाही. बेअर्ड-पार्करमधील सोडियम पायरुव्हेट त्यांना सावरू देते, तर इतर जंतूंना लिथियम क्लोराइड, ग्लायसिन आणि टेल्युराइट रोखून धरतात. शिवाय मॅनिटॉल आंबवून माध्यम पिवळे करणारे इतर स्टॅफिलोकोकसही असतात, त्यामुळे पिवळ्या रंगावर विसंबून निदान करणे मला मान्य नाही.

जखमेच्या स्वॅबसाठी मॅनिटॉल अगर उपयोगी आहे, हे मान्य करतो. बेअर्ड-पार्करवरही गाई-म्हशींकडून आलेले काही स्ट्रेन (जंतूचे उपप्रकार) वलय देत नाहीत, म्हणून वलय नसलेल्या काळ्या कॉलनीही कोॲग्युलेजसाठी उचला. कॉलनी शून्य आल्या म्हणजे खवा निर्धोक ठरत नाही, कारण जंतू मेल्यावरही त्यांचे विष उकळीत टिकते. ती तपासणी वेगळी करावी लागते.

आपले मार्गदर्शक खर्चाचे कारण देत असतील, तर एकाच डायल्यूशनच्या दोन्ही प्लेट आणि नुसत्या डायल्यूअंटची तिसरी प्लेट त्यांच्यासमोर ठेवा, आणि प्रबंधात दोन्ही माध्यमांचे आकडे छापण्याचा आग्रह सोडू नका.