छतावरचा तंबू घेण्यापूर्वी

गाडीच्या छतावर बसवून, मुक्कामी उघडून आत झोपायचा तंबू घ्यायचा म्हटले की तो आकारावरून निवडावासा वाटतो. त्याऐवजी सुरुवात गाडीच्या माहितीपुस्तिकेपासून करावी. धावत्या गाडीच्या छतावर किती भार चालतो, तो आकडा तिथे पाहावा आणि रॅक (तंबू ज्यावर बसतो ती छतावरची चौकट) व तंबू यांचे एकत्रित वजन त्याच्या आत बसवावे, कारण दोघांचा तंबूच साधारण ५० ते ७० किलो भरतो आणि साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात वळणावर गाडी तेवढ्याने जास्त झुकते. गाडी उभी असताना छत याहून बरेच अधिक वजन पेलते, त्यामुळे झोपणाऱ्यांच्या वजनाची धास्ती नको. कापडी छताच्या महिंद्रा थार गाडीवर मात्र हा बेत सोडून द्यावा.

नवशिक्यांकडून हमखास होणाऱ्या चुका:

- तंबू रॅकला धरणारे बोल्ट एकदा आवळून निर्धास्त होणे. पहिल्या काही किलोमीटरनंतर आणि प्रत्येक कच्च्या रस्त्यानंतर ते पुन्हा तपासावेत.
- ओला तंबू तसाच मिटून ठेवणे. साताऱ्याच्या पावसात हे टळत नाही, म्हणून घरी येताच तो उघडावा, गादी उभी करावी आणि शिवणींपर्यंत वाळू द्यावे. एरवी बुरशी धरते आणि तिचे काळे ठिपके सहसा जात नाहीत.
- चाळकेवाडीसारख्या पवनचक्क्यांच्या पठारावर तंबूचे तोंड वाऱ्याकडे ठेवणे.

पहिली रात्र घराच्या अंगणातच काढावी. शिडीचा कोन आणि घडीचा क्रम तिथे निवांत जमतो.