काकांच्या दुकानाचं डोमेन: आधी ते कुणाच्या नावावर आहे ते बघ

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. काकांचं चपलांचं दुकान, ओळखीच्या एका पोरानं सहा वर्षांपूर्वी वेबसाइट करून दिलेली, ती सोमवारपासनं उघडंना झालीय, दुकानाचा मेलपण बंद, तो पोरगा फोन उचलत नाही आणि घरातले सगळे तुझ्याकडं बघतायत कारण घरात कॉम्प्युटरचं कळतं ते तुला एकट्यालाच. वर दर रविवारी कुणाचा तरी प्रिंटर नाहीतर मोबाईल नीट करून तुझा जीव मेटाकुटीला आलाय. मी कोल्हापुरात उद्यमनगरात मामांच्या फौंड्रीचं आणि सगळ्या पाव्हण्यांचं हे काम पंधरा वर्षं करतोय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, साइट बंद पडली म्हणजे नाव गेलं असं नाही. डोमेन, म्हणजे डॉट कॉम नाहीतर डॉट इन लावलेलं वेबसाइटचं नाव, ही दुकानाची पाटी, होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा, आणि वेबसाइट म्हणजे आतला माल. गाळ्याचं भाडं थकलं तरी दुकान बंद दिसतं आणि पाटीचा परवाना संपला तरी बंदच दिसतं, बाहेरनं बघणाऱ्याला फरक कळत नाही. म्हणून आज रात्रीच आयकॅनच्या (जगभरच्या डोमेनचा कारभार बघणारी संस्था) लुकअपच्या पानावर जाऊन काकांच्या डोमेनचं नाव टाकून बघ, डॉट इन असेल तर निक्सी या भारतातल्या संस्थेच्या रजिस्ट्रीत, म्हणजे मूळ नोंदवहीत, बघ. मालकाचं नाव तिथं बहुतेक झाकलेलं असेल, ते सोड. रजिस्ट्रार, म्हणजे ज्या कंपनीकडनं डोमेन घेतलंय ती, कोण आहे, मुदतीची तारीख काय आणि स्टेटस काय एवढं वहीत उतरून घे.

आता इथं एक गोष्ट आहे जी लई लोकांना फसवते. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री आपोआप एक वर्ष पुढची तारीख दाखवायला लागते, पैसे भरले नसले तरी. म्हणजे तुला पुढच्या वर्षीची तारीख दिसेल आणि तू म्हणशील की डोमेन तर चालू आहे मग होस्टिंगचाच घोळ असणार, आणि त्यातच आठवडा घालवशील. तसं करू नको. रजिस्ट्रारचा स्वतःचा रेकॉर्ड वेगळा असतो, त्यांच्या सपोर्टला विचार. स्टेटसमधे 'ऑटो रिन्यू पिरियड' किंवा 'क्लायंट होल्ड' असं काही असेल आणि साइट बंद असेल तर मुदत संपलीय असंच धरून चल. 'रिडेम्प्शन पिरियड' दिसलं तर जेवण बाजूला ठेवून फोन लाव.

कारण घड्याळ असं चालतं बघ. मुदत संपल्यावर डॉट कॉमला जास्तीत जास्त ४५ दिवस साध्या दरात रिन्यू करता येतं, पण ते किती दिवस द्यायचे हे रजिस्ट्रारच्या हातात, काही जण त्याच काळात नाव लिलावाला पण लावतात. त्यानंतर ३० दिवस रिडेम्प्शन, तिथं दंड भरून सोडवून घ्यायचं. मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, त्यात कुणीच काही करू शकत नाही, आणि सहाव्या दिवशी जगातला कोणीही ते नाव घेऊ शकतो. चालू धंद्याची जुनी नावं उचलायला मशीन लावून बसलेली लोकं असतात, आणि तू लिहिलंयस की २०२५ च्या जूनमधे प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमधे कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यावरनं एवढा गाजावाजा झाला त्यानंतर काकांना बाहेरनं चौकशीचे मेल यायला लागले होते. ते मेल आत्ता या क्षणाला परत जातायत. म्हणून मालकीचं भांडण नंतर, आधी पैसे भरून नाव वाचव. काही रजिस्ट्रार लॉगिन नसताना पण दुसऱ्या कुणाकडनं रिन्यूअलचे पैसे घेतात, सरळ विचार त्यांना.

मला याची झळ बसलीय म्हणून एवढं कळवळून सांगतोय. मामांच्या फौंड्रीचं डोमेन मी २०१२ साली घेतलं आणि घाईत माझ्या तेव्हाच्या ऑफिसचा मेल टाकला. २०१६ ला नोकरी सोडली, मेल बंद. नियमानं रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत नोटीस पाठवावी लागते, त्यांनी पाठवलीही असेल, पण ती वाचायला तिथं कोण होतं? एके दिवशी मामांचा फोन, "अरे, मेल येईनात बघ. पुण्याच्या पार्टीनं ड्रॉइंग पाठवलंय म्हणतोय, मला तर काय दिसंना." मी दोन दिवस आउटलुक काढून टाक, परत टाक, राउटर बंद कर, चालू कर हेच फोनवर सांगत बसलो. तिसऱ्या दिवशी डोमेन बघितलं तर रिडेम्प्शन. वर्षाच्या हजारभर रुपयाच्या ठिकाणी आठ हजारांच्या वर गेले, आणि ते पार्टीचं काम दुसरीकडं गेलं. मामा मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचं जास्त लागलं.

तेव्हापासनं मी एकच मानतो की कुटुंबातलं कॉम्प्युटरचं निम्मं दुखणं मशीनचं नसतंच, नावावर कुणाच्या काय आहे याचं असतं. शेत घेताना आपण सातबारा बघतो, घर घेताना प्रॉपर्टी कार्ड बघतो, आणि डोमेन घेताना म्हणतो "पोराला सांग, तो करेल". तो करतो, पण स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या मेलवर, स्वतःच्या नंबरवर. त्यात त्याचा हेतू वाईट नसतो, सोपं पडतं म्हणून करतो.

त्यामुळं त्या पोराशी भांडून चालणार नाही. त्याच्या एका खात्यात चाळीस दुकानांची नावं असतील, नोकरीला पुण्याला गेला असेल, फोन बघून घाबरत असेल. मेसेजमधे वकिलाची भाषा वापरू नको. त्याच्या घरी कुणाची ओळख असेल तर त्यांना घेऊन जा, चहा घ्या आणि एवढंच माग की 'तुझ्या खात्यातनं काकांच्या खात्यात डोमेन पुश कर'. एकाच रजिस्ट्रारकडं खात्यातनं खात्यात टाकणं हे बहुतेक ठिकाणी थोड्या मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या रजिस्ट्रारकडं न्यायचं असेल तर ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा पासवर्ड, लागतो, डॉट कॉमला तो मागितल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो, पण मागणारा कागदोपत्री मालक पाहिजे. आणि मालकाचं नाव बदललं की ६० दिवस दुसरीकडं हलवायला कुलूप लागू शकतं. म्हणून एकदम सगळं करायला जाऊ नको, आधी रिन्यू, मग त्याच रजिस्ट्रारकडं काकांच्या नावावर, हलवायचं असलंच तर दोन-तीन महिन्यांनी बघू.

तो काही केल्या ऐकत नसेल तर कागद गोळा कर. त्याला पैसे दिलेले बँकेचे नाहीतर यूपीआयचे स्टेटमेंट, त्यानं दिलेलं बिल, दुकानाचं जीएसटी सर्टिफिकेट, शॉप ॲक्टचं लायसन, त्या नावानं छापलेल्या पिशव्या, बिलबुकं. वादाची कायदेशीर वाट आहे, डॉट कॉमला यूडीआरपी आणि डॉट इनला आयएनडीआरपी नावाची तक्रारीची पद्धत, पण तिथं त्या नावावर तुमचा ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो आणि खर्च मोठा असतो. काकांच्या डोमेनमधे नुसतं 'कोल्हापुरी चप्पल' असेल तर तिथं काही हाताला लागणार नाही, कारण ते नाव काय एका दुकानाचं नाही, २०१९ ला त्याला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाचं भौगोलिक मानांकन, मिळालंय आणि ते आपल्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांचं आहे. काकांच्या आडनावाचं किंवा दुकानाचं स्वतःचं नाव त्यात असेल तरच बोलण्यात दम.

नाव परत मिळालं की मांडणी नीट कर. खातं काकांच्या नावानं. मेल जीमेलवर वेगळा काढ, आणि हे नीट वाच, त्याच डोमेनवरचा मेल त्या डोमेनच्या खात्याला कधीच लावू नको, डोमेन बंद पडलं की नोटीस पण त्यातच अडकते. मेल व्हेरिफाय करायची लिंक येईल ती त्याच दिवशी दाब, १५ दिवसांत दाबली नाही तर डोमेन सस्पेंड करतात, चालू धंद्याचं झालेलं मी बघितलंय. मोबाईल नंबर काकांचा, आणि दुसरा पर्यायी मेल तुझा. दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भर, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं भरता येतात.

आणि ऑटो-रिन्यू चालू आहे म्हणून निवांत झोपू नको. ऑक्टोबर २०२१ पासनं रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरनं परस्पर पैसे कापायला मँडेट, म्हणजे आपली आधीच दिलेली परवानगी, नोंदवलेलं लागतं, कापायच्या आधी सूचना यावी लागते, आणि बाहेरच्या कंपन्यांकडं आपली कार्डं बऱ्याचदा नाकारली जातात. घरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेव. आमच्या मामींनी गॅसच्या नंबराशेजारी लिहिलंय, चार वर्षं एकदा पण चुकलं नाही.

अजून एक, डोमेन काकांच्या नावावर आलं की त्यांना खोटे मेल यायला लागतील. चीनमधली कुठली तरी कंपनी तुमच्या नावाचं डोमेन घ्यायला बघतेय, लगेच कळवा. नाहीतर तुमचं सर्च इंजिनचं रजिस्ट्रेशन संपतंय, एवढे डॉलर भरा. बिलासारखंच दिसतं सगळं. मामांना पहिला आला तेव्हा बिचारे रात्रभर झोपले नव्हते. काकांना एवढंच सांगून ठेव की आपला रजिस्ट्रार एकच, हे त्याचं नाव, दुसऱ्या कुणाच्या मेलवर एक रुपया भरायचा नाही, आधी तुला दाखवायचं.

डॉट भारत घ्यावं का हे पण विचारलंयस. देवनागरीत ते २०१४ पासनं मिळतंय, पाटीवर मराठीत सुंदर दिसतं, गिऱ्हाइकाला चप्पलच्या स्पेलिंगमधे एक पी का दोन हा प्रश्नच येत नाही. जोडीला जरूर घे. पण मेलसाठी त्यावर विसंबू नको, कितीतरी फॉर्म अजून तसला पत्ता घेत नाहीत.

आता तुझ्या रविवारांचं. तुझी चिडचिड मला कळते, पण फोन बंद करून ठेवणं हा मार्ग नाही, आपल्याशिवाय ती माणसं विचारणार कुणाला? मोठी माणसं "ते गोल गोल फिरालंय नुसतं" म्हणतात तेव्हा त्यांना भीती असते की आपण काहीतरी बिघडवलं. त्यांच्या हातनं माऊस ओढून घेऊ नको. मी आईला फोनमधनं जागा मोकळी करायला स्वतः न करता तिच्याच बोटांनी तीनदा करायला लावलं, कुठला व्हिडिओ मोठा, कुठला नको, आणि गुगलचे फुकटचे १५ जीबी फोटो, मेल आणि व्हॉट्सॲपच्या बॅकअपनं मिळून भरतात हे समजावलं. आता ती शेजारच्या काकूंना शिकवते. पाव्हण्यांच्यात अजून कुणाचं विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, दर रविवारी तेच तेच मशीन रेटण्यापेक्षा एकदा बसून निकाल लाव. आणि कुणी फोन करून स्क्रीन शेअरचं ॲप टाकायला सांगितलं तर फोन कापायचा, पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लावायचा, हा नंबर प्रत्येकाच्या फोनमधे तू स्वतः सेव्ह करून दे.

पासवर्डची वही कर. कागदाचीच कर, मोठ्या माणसांना तीच वापरता येते. फक्त आमच्या आत्याचं ऐक, शाहूपुरीत कुंभार गल्लीत तिचं घर, २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा खालच्या कपाटातली वही आणि टेबलाखालचा सीपीयू दोन्ही गेले. खाती परत उघडायला आम्हाला दिवाळी उजाडली, कारण निम्म्या खात्यांना तिच्या मुलाचा जुना नंबर लावलेला. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा वही प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर होती आणि दुसरी प्रत माझ्याकडं. वहीच्या पहिल्या पानावर डोमेनचं लिही, रजिस्ट्रार, मेल, नंबर, तारीख.

तर आज रात्री स्टेटस बघून मला मेसेज टाक, रिडेम्प्शन असेल तर कितीही वाजता कर. आणि रविवारी दुपारी मी राजारामपुरीत बहिणीकडं असतो, काकांना आणि जीएसटीच्या कागदांना घेऊन ये. काकांना नक्की आण, खातं उघडताना ओटीपी त्यांच्या फोनवर आला पाहिजे आणि त्यांनीच तो टाकला पाहिजे.