डिझेल ट्रक, थंडी आणि ब्लॉक हीटर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (कळंबोली) : थंडीत ट्रक सकाळी तीन-चार सेल्फ मारल्यावर सुरू होतो. ब्लॉक हीटर बसवावा का?

नको. ब्लॉक हीटर म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला, विजेवर आतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गरम करणारा हीटर. नवी मुंबईत जानेवारीच्या पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास असतो. एवढ्या थंडीत धडधाकट डिझेल इंजिनाला हीटर लागत नाही. सेल्फ मारताना बॅटऱ्यांच्या टोकांवर मीटर धरा. २४ व्होल्टच्या गाडीत आकडा १९ च्या खाली गेला, तर बॅटरीकडे बघा. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही आणि हे रात्रभर उभ्या गाडीतच होतं? मग डिझेल लाइन हवा घेतेय. आधी डिझेल लाइनवरचा हँड पंप मारा. त्यानंतर पहिल्या सेल्फला सुरू झाली, तर फिल्टरची वॉशर आणि पाइपांचे जोड तपासा.

प्रश्न (भिवंडी) : गाडी हिवाळ्यात लडाखमध्ये मुक्कामी राहणार आहे. हीटर किती वेळ लावायचा?

तिथे तो हवाच. निघण्याआधी दोन ते चार तास पुरे. रात्रभर लावून फायदा नाही, कूलंट ठरावीक तापमानाला पोचून तिथेच थांबतं. १००० वॉटचा हीटर तीन तासांत तीन युनिट खातो.

बसवताना कूलंट काढून ब्लॉकचा कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकावरचं गोल झाकण) उतरवतात आणि त्या भोकात एलिमेंट (हीटरचा तापणारा भाग) बसवतात. बसण्याची जागा घासून चकचकीत करा. एलिमेंट आत कुठेही ब्लॉकला टेकता कामा नये. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरा, इंजिन चालवून हवा काढा आणि मगच वीज जोडा. एलिमेंटभोवती हवा राहिली की ते जळतं. नवे हीटर बहुतेक असेच जातात.

मात्र हीटर टाकीतलं डिझेल गरम करत नाही. साध्या डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो आणि गाडी सुरू होऊन थोड्या वेळात बंद पडते. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. इथलं डिझेल संपवत न्या, तिथे ते भरा आणि गाडी थोडी चालवा, म्हणजे फिल्टरपर्यंत पोचेल. टाकीखाली जाळ करणाऱ्यांचं ऐकू नका.

प्रश्न (ठाणे) : अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा हीटर आपल्या विजेवर चालेल?

२३० व्होल्टवर तो जवळपास पावणेचार पट वीज ओढेल आणि जळेल. २३० व्होल्टचाच घ्या. वायर अर्थिंगसह तीन कोरची हवी, सायलेन्सर आणि पंख्यापासून लांब बांधलेली.

प्रश्न (तुर्भे) : गाडीच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून हीटर चालवला तर?

१००० वॉटला २४ व्होल्टवर ४० अँपियरहून जास्त लागतात. तीन तासांनी इंजिन कोमट असेल, पण सेल्फ फिरवायला बॅटरीत काही उरणार नाही.