मधुमालतीला पानं भरपूर, फूल एकही नाही: आधी कात्री थांबवा

ताई, मागच्या जूनमध्ये तुम्ही फाटकाजवळ मधुमालती लावलीत. दहा महिन्यांत कमरेइतकं गच्च झुडूप झालं, पण ती ना वर चढते ना फुलते. नीट दिसावी म्हणून दर पंधरवड्याला शेंडे खुडता, दर महिन्याला युरिया घालता, आणि आता शेजारी म्हणतायत की साप येतील, काढून टाका. कृपा करून काढू नका. तुमच्या वेलीत काहीही दोष नाही.

मधुमालती सुरुवातीला वेल नसतेच. पहिले काही महिने ती झुडपासारखी वाढते, मग बुंध्यातून लांब, सरळ, चाबकासारखे धुमारे सोडते. झुडपातून वेल होते ती याच धुमाऱ्यांतून, आणि नेमके तेच तुम्ही ‘वेडेवाकडे वाढलेत’ म्हणून कापताय. हिचं जुनं शास्त्रीय नाव क्विस्क्वालिस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘कोण? कसा?’ असा काहीसा होतो. रंग बदलणाऱ्या आणि झुडपाची वेल होणाऱ्या या झाडाला ते नाव अगदी शोभतं. आता तिला कॉम्ब्रेटम इंडिकम म्हणतात.

दुसरी गोष्ट फुलांची. घोस येतात ते नव्या फुटीच्या टोकाला आणि टोकाजवळच्या पेरांवर. दर पंधरा दिवसांनी शेंडा खुडला की फुलाची जागाच जाते. त्यात युरियाचं नत्र नुसती पानं वाढवतं. युरिया आजपासून बंद करा. आळं मोकळं करून दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी हाडांचा चुरा मिसळा. उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा, पण मुळांपर्यंत जाईल इतकं पाणी द्या. रोज वरवर शिंपडून उपयोग नाही. आणि ऊन! दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर बाकी सगळं करूनही फुलं तुरळकच येतील.

आता चार-पाच जोमदार धुमारे निवडा आणि सुतळीने सैल बांधून वर न्या. या वेलीला काकडीसारखे ताणे नसतात. पान गळलं की देठाचा खालचा भाग टणक होऊन काट्यासारखा राहतो, त्याच्या आधाराने ती वर सरकते. गुळगुळीत भिंतीवर ती आपणहून चढणार नाही. तार किंवा जाळी लागेलच.

आधाराबाबत मात्र काटकसर नको. सांगलीत आमच्या दारात मी आधी बांबूचा मांडव केला होता. तिसऱ्या पावसाळ्यात भिजलेल्या वेलीच्या वजनाने तो रात्रीत बसला आणि सगळी वेल कमरेतून मोडली. फार वाईट वाटलं. बुंध्यातून ती पुन्हा फुटली, पण वर्ष गेलं. तेव्हापासून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा मांडव आहे, पाय काँक्रीटमध्ये. कौलांवर किंवा पन्हाळीत तिला शिरू देऊ नका.

मोठी छाटणी वर्षातून एकदाच, जानेवारीत, थंडीत वाढ मंदावलेली असताना. तेव्हा न घाबरता निम्मी वेल कमी केली तरी चालते. उन्हाळ्याच्या तोंडाशी नवी फूट येते आणि पावसाळाभर घोस लटकतात. जानेवारीचा आणखी एक फायदा आहे. पुढे आमच्या वेलीत बुलबुल घरटं करतात, आणि एकदा घरटं झालं की मी पिल्लं उडेपर्यंत तिला हात लावत नाही.

सापाचं म्हणाल तर वासाने साप येत नाही. बुंध्याशी पालापाचोळा, विटा, भंगार साचलं तर उंदीर-बेडूक येतात आणि त्यांच्यामागे साप. म्हणून बुंध्यापासून दोन-अडीच फूट उंचीपर्यंतच्या बारीक फांद्या काढून टाका आणि जमीन झाडलेली ठेवा. मुळांपासून दूरवर धुमारे फुटतात, तेही वेळीच उपटा, नाहीतर वर्षभरात अंगण तिचंच होईल.

मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब साबण, संध्याकाळी फवारा. आमच्याकडे यापेक्षा जास्त कधी करावं लागलं नाही.

पहिला घोस आला की संध्याकाळीच जाऊन बघा. कळी तिन्हीसांजेला पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, तिसऱ्या दिवशी लाल. त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. वासही रात्रीच जास्त, कारण पांढऱ्या फुलांकडे लांब सोंडेचे पतंग येतात. फुलाची नळी बोटाएवढी लांब आणि मध तळाशी. दिवसा शिंजीर पक्षी येतो. तेव्हा फुलं पांढरी उमलली म्हणून ‘नर्सरीने दुसरंच रोप दिलं’ असं समजून परत करायला जाऊ नका, एवढंच!