हरणाऱ्या संघाने आपला एकमेव चांगला खेळाडू विकून ड्राफ्ट पिक्स जमवावेत का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. संघ नव्याने उभा करताना एनबीएमधल्या (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) संघाने हाताशी असलेला एकमेव चांगला खेळाडू विकून आणखी ड्राफ्ट पिक्स, म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू निवडायचे हक्क, घ्यावेत का, ही एक. आणि तुमचा मित्र म्हणतो तसा ओक्लाहोमा सिटी थंडरला शे गिल्जस-अलेक्झांडर निव्वळ नशिबाने मिळाला का, ही दुसरी. आधी दुसरीबद्दल बोलतो, पहिलीचं उत्तर तिच्यातच आहे.

जुलै 2019 मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सला कवाय लेनर्ड हवा होता आणि लेनर्डला जोडीला पॉल जॉर्ज हवा होता. जॉर्ज थंडरकडे होता. क्लिपर्सने त्याच्या बदल्यात पहिल्या फेरीचे पाच पिक्स, दोन पिक्सच्या अदलाबदलीचा हक्क, दानिलो गालिनारी आणि एक वर्ष खेळलेला शे, एवढं सगळं दिलं. त्या आठवड्यात जो तो पिक्स मोजत होता. शेचं नाव यादीत असायचं, पण मथळ्यात नसायचं. त्यालाही कारण होतं. केंटकी विद्यापीठात तो सुरुवातीला बेंचवरून खेळायला यायचा. 2018 च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी दहा जणांची नावं पुकारली गेली. शार्लटने अकराव्या क्रमांकावर घेतला आणि त्याच रात्री क्लिपर्सला देऊन टाकला. पहिल्या हंगामात त्याची सरासरी होती मॅचमागे 10.8 गुण.

म्हणजे मिळण्यात नशिबाचा वाटा होता, हे मी मान्य करतो. पण मिळाल्यानंतर त्याला ठेवून घेतलं, त्यात नशीब कुठेच नव्हतं.

2020 च्या नोव्हेंबरपर्यंत थंडरने ख्रिस पॉल, डेनिस श्रोडर, स्टीव्हन अॅडम्स सगळे देऊन टाकले. पुढचे दोन हंगाम 22 विजय-50 पराभव आणि 24-58. तेव्हा चाहत्यांमध्ये जो वाद पेटला होता तो मला चांगला आठवतो, मीही त्यात हिरिरीने भांडलोय. एका बाजूचं म्हणणं होतं की शेलाही विका. हे पिक्स खेळाडू होऊन तयार होईपर्यंत तो सत्तावीसचा होईल, तोवर कंटाळून जायचं म्हणेल, आणि तो आहे तोवर आपण पुरेसे हरणारही नाही (जास्त हरलेल्या संघाला ड्राफ्टमध्ये आधी निवडायची संधी जास्त). हा युक्तिवाद अजिबात वेडगळ नव्हता. दुसरं एक वाक्य मात्र मला तेव्हाही टोचायचं आणि आजही टोचतं: ‘हरणाऱ्या संघात आकडे कोणीही काढतं.’

त्या काळातल्या दोन मॅचेस सांगतो. 2 डिसेंबर 2021 ला मेम्फिसने थंडरला 152-79 असं हरवलं. 73 गुणांचा फरक, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा. शे दुखापतीमुळे त्या दिवशी खेळत नव्हता. जगाला थंडरचा तो हंगाम या एका आकड्याने आठवतो.

दुसरी मॅच 15 डिसेंबरची, घरच्या मैदानावर न्यू ऑर्लिन्सविरुद्ध. आपल्याकडे 16 ची सकाळ. मी ऑफिसला निघायच्या आधी डबा भरता भरता ओट्यावर मोबाइल टेकवून बघत होतो. थंडर तीन गुणांनी मागे, जेमतेम काही सेकंद शिल्लक. शेने अंगावर माणूस असताना लांबून तीन गुणांचा शॉट मारला आणि तो गेला! 110-110, घड्याळात 1.4 सेकंद. मी हातातला डाव खाली ठेवला. तेवढ्यात न्यू ऑर्लिन्सच्या डेव्हॉन्टे ग्रॅहमने 61 फुटांवरून चेंडू भिरकावला आणि तोही आत. विजय मिळवून देणारा इतक्या लांबचा शॉट एनबीएत त्याआधी कोणी मारला नव्हता. दिवसभर जिकडे तिकडे तीच क्लिप फिरत होती. तिच्या आधीचे दोन सेकंद कोणालाच बघायचे नव्हते.

दुर्लक्ष होतं म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी नीट कळलं. संघ हरला की खेळाडूचा खेळ निकालाखाली गाडला जातो.

खरं तर तो बघायला तेव्हाही फार सुंदर होता. उड्या नाहीत, धसमुसळेपणा नाही. चेंडू टप्प्याटप्प्याने घेऊन चालत आल्यासारखा येतो, खांदा एका बाजूला झुकवतो, समोरचा मागे रेलला की मध्येच थांबतो. फ्री-थ्रो रेषेच्या टोकाशी दोन्ही पाय रोवतो आणि सरळ वर उठून शॉट घेतो. तोवर बचाव करणारा अजून मागेच चाललेला असतो. मी रविवारी सोसायटीजवळच्या सिमेंटच्या कोर्टवर काही मुलांना शिकवतो. त्यांना पहिल्यांदा वेग कमी करायला शिकवावं लागतं आणि तेच सगळ्यात अवघड जातं. शेच्या प्रगतीचे आकडेही त्या काळात समोर होते: सरासरी 19, मग 23.7, मग 24.5. भोवतीचे खेळाडू दरवर्षी कच्चे होत चालले होते, समोर दोन-दोन माणसं उभी राहत होती, तरीही आकडा वर जात होता. ‘कोणीही काढतं’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघायला हवं होतं.

थंडरचे सर्वेसर्वा सॅम प्रेस्टी यांनी ते बघितलं. ऑगस्ट 2021 मध्ये, संघ तळाला असताना, त्यांनी शेशी पाच वर्षांचा सुमारे 17.2 कोटी डॉलरचा करार वाढवला. माझा अंदाज असा की यामागे जुनी ठेच असावी. याच प्रेस्टींनी ऑक्टोबर 2012 मध्ये जेम्स हार्डन ह्यूस्टनला देऊन टाकला होता. तेव्हा तो तेवीस वर्षांचा, बेंचवरून येणारा, वर्षातला सर्वोत्तम राखीव खेळाडू. बदल्यात खेळाडू आले, पिक्स आले, त्यातल्या एकातून स्टीव्हन अॅडम्सही मिळाला. हार्डन मात्र 2018 चा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाला, ह्यूस्टनसाठी.

पुढचं तुम्हाला माहीत असेलच. 2022-23 मध्ये शे 31.4 वर पोचला, पहिल्यांदा ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत आला. 2024-25 मध्ये थंडर 68-14, शे एमव्हीपी, आणि इंडियानाविरुद्ध सात मॅचेसची अंतिम फेरी जिंकून अजिंक्यपद. त्या संघातला जेलन विल्यम्स 2022 मध्ये बाराव्या क्रमांकावर घेतलेला, जॉर्जच्या सौद्यातूनच आलेल्या क्लिपर्सच्या पिकवर. अंतिम फेरीच्या पाचव्या मॅचमध्ये त्याने 40 गुण काढले. लू डॉर्टला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं. स्वतःच्या हरण्यातून मिळालेला मोठा मोहरा म्हणजे चेट होल्मग्रेन, 2022 चा दुसरा पिक. तोही शेच्या भोवती बसवला गेला.

आता फक्त हरत राहण्याचं काय होतं ते बघा. फिलाडेल्फियाने 2013 ते 2016 या तीन हंगामांत 246 पैकी 47 मॅचेस जिंकल्या. जोएल एम्बीड मिळाला, 2023 चा एमव्हीपीही झाला, पण 2025 पर्यंत तो संघ प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) दुसऱ्या फेरीपलीकडे गेला नाही. आणि 2019 पासून लॉटरीचा, म्हणजे ड्राफ्टमध्ये आधी कोण निवडणार हे ठरवणाऱ्या सोडतीचा, नियमही बदलला. पूर्वी तळाच्या संघाला पहिला पिक मिळण्याची शक्यता 25 टक्के होती, ती तळाच्या तिघांना प्रत्येकी 14 टक्केच झाली. युटाने 2024-25 मध्ये 65 मॅचेस हरून दाखवल्या आणि पाचवा पिक मिळाला. याच युटाकडे तेव्हा लॉरी मार्कनेन होता, युटाने विकलेल्या डोनोव्हन मिचेलच्या सौद्यात असाच ‘सोबत’ आलेला आणि लगेच ऑल-स्टार झालेला. त्याला मॅचमध्ये न उतरवल्याबद्दल मार्च 2025 मध्ये लीगने युटाला एक लाख डॉलर दंड केला. त्याच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. भरात असताना त्याला ना विकलं, ना त्याच्याभोवती संघ उभारला.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर. खेळाडू तिशीकडे झुकलेला असेल किंवा त्याचा खेळ दोन वर्षं होता तिथेच असेल, तर विका आणि लवकर विका. थंडरने ख्रिस पॉलचं तेच केलं आणि बरोबर केलं. पण तो तेवीसच्या आत असेल, दरवर्षी खेळात काहीतरी नवं घेऊन येत असेल, आणि प्रतिस्पर्धी त्याच्यावर दुसरा माणूस पाठवायला लागले असतील, तर त्याला हात लावू नका. तुम्ही पिक्स जमवताय ते असा एखादा मिळावा म्हणूनच ना?

तुमच्या मित्राला एक काम सांगा. न्यू ऑर्लिन्सविरुद्धची ती मॅच शोधून शेवटची दोन मिनिटं बघ म्हणावं, आणि ग्रॅहमचा शॉट आला की थोडं मागे घे.