दाराजवळची खुर्ची

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'मीटिंगमधून उठलो, जिन्यात येऊन बसलो, वाटलं आता काही आपण वाचत नाही' हे वाचताना मला माझा जिना आठवला. मीही बसले आहे तशी, मनगटावर बोटं दाबून, घड्याळाकडे डोळे लावून. नाडी मोजत बसलं की ती आणखी पळते, एवढं ज्ञान त्या दिवशी पदरात पडलं.

आधी डॉक्टरांना दाखवून आलास हे बरं केलंस. थायरॉइडचं काम वाढलं असेल, रक्त कमी असेल, तरी अशीच धडधड होते. दम्याच्या काही पंपांनीही होते. (आणि चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखलं, कळ हातात, जबड्यात गेली, तर 'टेन्शनच असेल' म्हणून घरी बसायचं नाही.) तुझे रिपोर्ट चांगले आले आणि तू मात्र हिरमुसलास, 'म्हणजे मी नाटक करतोय का?' नाही रे बाबा. हृदय ठणठणीत आहे एवढंच रिपोर्ट सांगतात. त्रास खोटा आहे, असं ते कुठे म्हणतात? याला भीतीचा झटका, पॅनिक अटॅक म्हणतात.

मेंदूला धोक्याची चाहूल लागली की मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात. हृदय जोरात, श्वास भराभर, रक्त पोटाकडून स्नायूंकडे. पोटात गोळा येतो तो त्यामुळेच. तुला सगळ्यात जास्त धास्ती बसली ती मुंग्यांची. भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. मग बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. म्हणजे गंमत बघ, श्वास पुरत नाही असं वाटतं तेव्हा तो खरं तर जास्तच होत असतो. म्हणून कुणी 'मोठा श्वास घे' म्हणालं की मी चिडते. ओढून घेऊ नकोस, सावकाश सोड. नाकाने आत घेताना चार मोज, सोडताना सहा. अशा झटक्याचा जोर बहुधा दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरायला लागतो. ओसरतो तो आपण काही न करताही.

पण श्वासासाठी मी हे पत्र लिहायला बसले नाही. तू शेवटी सहज लिहून गेलास, 'आता मी दाराजवळची खुर्ची पकडतो, पाण्याची बाटली हातात ठेवतो, तेव्हापासून बरं चाललंय.' जिन्याच्या वाक्यापेक्षा मला या वाक्याची काळजी वाटली.

मेंदू हिशेब ठेवतो. तू सुखरूप आहेस, पण श्रेय जातं खुर्चीला. मग एक दिवस ती खुर्ची दुसरं कुणी घेतं, आणि मीटिंगच नको वाटायला लागते. माझं असंच झालं होतं. आधी लिफ्ट सोडली, मग गर्दीची वेळ, मग एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभाला जायचं टाळलं, तेही तापाचं कारण सांगून. दर वेळी सुटल्यासारखं वाटायचं, आणि दर वेळी माझं अंगण हातभर आकसायचं. 'मेल नीट गेला ना?' असं तिघांना विचारणं, रात्री दोन वाजता लक्षणं शोधत बसणं, ही त्याच घरातली भावंडं. घडीभर बरं वाटतं, तेवढंच.

तेव्हा पुढच्या वेळी एक खुर्ची आत सरक. एकच, एकदम टेबलाच्या डोक्याशी जाऊन बसण्याचा पराक्रम नको. बाटली बॅगेत राहू दे. धडधड सुरू होईल, होऊ दे. लाट उतरेपर्यंत उठायचं नाही, एवढाच अभ्यास. भीती वाटली म्हणजे नापास, असं धरू नकोस. वाटली आणि बसून राहिलास, तर पास. एखाद्या दिवशी उठशीलच. मी कितीदा उठले ते मोजलेलं नाही.

काळजी महिनोन्महिने मागे लागली, झोप आणि काम बिघडायला लागलं, तर एकट्याने झुंजत बसू नकोस. काळजी किती आहे ते मोजणारी जीएडी-७ नावाची प्रश्नावली आहे, सात प्रश्नांची, गुण ० ते २१. १० किंवा त्याहून जास्त आले तर तज्ज्ञांना भेटायचं. तो आकडा म्हणजे काही निकाल नव्हे. खुर्ची सरकवण्याचं हेच काम तज्ज्ञ तुझ्याकडून पद्धतशीर करून घेतात. गोळ्या दिल्याच, तर त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून मनाने बंद करू नकोस. दुसऱ्याची झोपेची गोळी तर अजिबात नको. आणि जगूच नये असं वाटायला लागलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांग. मलाही चालेल, रात्र असली तरी.

ता. क. मीटिंगआधीच्या त्या दोन कॉफ्यांबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण मला माहीत आहेत. कॅफीनची धडधड आणि भीतीची धडधड छातीला वेगळी ओळखता येत नाही. एक तरी कमी कर. सोमवारी कुठल्या खुर्चीत बसलास ते कळव. बरं वाटलं का, ते मी विचारणार नाही.